घर्षण समजून घेताना: आधी दिशा, मग गरज, शेवटी मर्यादा

घर्षणाच्या गणितात मार्क जातात ते सूत्र पाठ नसतं म्हणून नव्हे. सूत्र चांगलं घोटलेलं असतं. प्रश्न दिसला रे दिसला की पहिल्याच ओळीत ते ठोकून दिलं जातं: घर्षण म्हणजे म्यू गुणिले लंब बल. आणि बऱ्याचदा ते तिथे लागूच होत नसतं.

म्हणून इथे सूत्र सगळ्यात शेवटी येईल. नववी-दहावीतल्या, अकरावीत पहिल्यांदा 'म्यू' बघून बिचकलेल्या, किंवा मुलांना शिकवता शिकवता स्वतःच अडलेल्या कुणालाही घरात करून बघता येईल अशा क्रमाने जाऊ. साहित्य फार नाही: बसायचा लाकडी पाट, बॅगांचं वजन करायचा हुकवाला काटा, सुतळी, किलो-किलोच्या तांदळाच्या किंवा साखरेच्या चार पिशव्या, मोजपट्टी आणि जमलं तर एक वीट.

पायरी १: पाट ओढा, पण हलू देऊ नका

पाट फरशीवर ठेवा, त्यावर पिशव्या ठेवा, सुतळी बांधा आणि सुतळीला काटा अडकवा. सुतळी फरशीला समांतर राहिली पाहिजे. हात वर गेला तर पुढचे सगळे आकडे बिघडतील, का ते तिसऱ्या पायरीत कळेल. काही डिजिटल काट्यांत आकडा स्थिरावला की तो तसाच अडकून बसतो. तसा काटा इथे कुचकामी आहे, स्प्रिंगचा साधा काटा घ्या. आकडा पटकन बदलतो, त्यामुळे मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ घेऊन मग सावकाश बघणं सोपं जातं.

आता अगदी हळूहळू ओढा. काटा पाव किलो दाखवतो, अर्धा किलो दाखवतो, एक किलो दाखवतो. पाट ढिम्म.

इथेच थांबा, कारण सगळी गोम इथेच आहे. काटा अर्धा किलो दाखवत होता तेव्हा तुम्ही अर्ध्या किलोच्या वजनाइतकं बल लावत होता. तरी पाट हलला नाही, म्हणजे फरशी त्याला नेमकं तेवढ्याच बलाने मागे धरून होती. तुम्ही ओढ एक किलोवर नेलीत, फरशीनेही एक किलोवर नेली. सुतळी सैल सोडा, घर्षण शून्य. पाटाखाली घर्षणाचा एखादा ठरलेला आकडा आधीपासून बसलेला नसतो. जेवढी मागणी, तेवढा पुरवठा. याला स्थितिक घर्षण म्हणतात.

ओढ वाढवत राहिलात की एका क्षणी पाट झटक्याने सुटतो आणि काट्यावरचा आकडा खाली येतो. सुटण्याआधीचा सगळ्यात मोठा आकडा ही स्थितिक घर्षणाची मर्यादा. पाट एकसारख्या वेगाने सरकत असताना जो आकडा दिसतो तो गतिक घर्षणाचा, आणि तो सहसा त्या मर्यादेपेक्षा कमी असतो. कपाट हलवताना पहिला धक्का जड जातो आणि मग ते सरकत राहतं, त्याचं कारण हेच.

समजा पाट आणि पिशव्या मिळून ५ किलो आहेत, सुटतानाचा आकडा २ किलो आणि सरकतानाचा दीड किलो. २ भागिले ५ म्हणजे ०.४ हा स्थितिक घर्षण गुणांक. दीड भागिले ५ म्हणजे ०.३ हा गतिक घर्षण गुणांक. पुस्तकातला 'म्यू' तो हाच. ग्रीक अक्षराने घाबरून जायचं कारण नाही: दाबाच्या बलाच्या किती पट घर्षण मिळू शकतं, एवढंच ते सांगतं. गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नाही, आणि किलोचे न्यूटन करण्याची कटकटही इथे करावी लागली नाही.

पायरी २: वजन बदला, मग वीट उलटीपालटी करा

दोन पिशव्या काढा, पुन्हा ओढा. एकूण वजन घटलं त्याच प्रमाणात दोन्ही आकडे घटलेले दिसतील. गुणांक जवळपास तोच येईल. हे सगळ्यांना अपेक्षितच असतं.

अनपेक्षित आहे ते विटेचं. वीट आडवी ठेवून सुतळीने ओढा, मग कडेवर उभी करून ओढा. टेकलेला भाग बराच कमी झाला, पण काटा साधारण तोच आकडा दाखवतो. (विटेच्या सगळ्या बाजू सारख्याच खरखरीत असायला हव्यात, एक बाजू गुळगुळीत असेल तर तुलना फसेल.) हे न पटणारे तुम्ही पहिले नाही. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांमध्ये हे टिपून ठेवलं होतं, पण त्या वह्या तशाच पडून राहिल्या. १६९९ मध्ये गियोम आमाँताँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तोच नियम नव्याने मांडला, तेव्हा अकादमीलाही तो चटकन पचला नाही. पुढे १७८५ मध्ये कुलोमचे सविस्तर प्रयोग प्रसिद्ध झाले. विद्युतप्रभारांच्या नियमाचा कुलोम तो हाच.

असं का होतं, याचं पटण्याजोगं उत्तर मात्र विसाव्या शतकात मिळालं. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवून दिलं की दोन पृष्ठभाग वरवर पूर्ण टेकलेले दिसले तरी प्रत्यक्षात त्यांच्यावरच्या सूक्ष्म उंचवट्यांची टोकंच एकमेकांना भिडतात. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी नगण्य भागात असतो. भार वाढवला की ती टोकं चेपतात आणि खरा स्पर्श त्या प्रमाणात वाढतो. वीट उभी केली तर जागा कमी, पण त्या जागेवर दाब जास्त, म्हणून टोकं जास्त चेपतात. खऱ्या स्पर्शाची गोळाबेरीज तीच राहते.

यातून शाळेत ऐकलेल्या आणखी एका वाक्याला धक्का बसतो: 'पृष्ठभाग जेवढा गुळगुळीत तेवढं घर्षण कमी.' एका मर्यादेपर्यंत ते खरं आहे. त्यापलीकडे उलटं होऊ लागतं, कारण अतिशय सपाट आणि स्वच्छ पृष्ठभागांचा खरा स्पर्शच वाढतो. आयटीआयमध्ये शिकलेल्या कुणालाही स्लिप गेज विचारा: ते पोलादी ठोकळे एकमेकांवर घासून बसवले की चिकटून बसतात, हाताने ओढून सहज सुटत नाहीत. त्यात मधल्या तेलाच्या सूक्ष्म थराचाही वाटा असतो, पण मुद्दा कळावा इतकं ते उदाहरण बोलकं आहे.

पायरी ३: लंब बल म्हणजे वजन नव्हे

लंब बल म्हणजे पृष्ठभागाने वस्तूवर काटकोनात दिलेला रेटा. वस्तू सपाट जमिनीवर असेल आणि बाकीचं कुणी तिला वर-खाली ओढत-दाबत नसेल, तेवढ्यापुरतंच ते वजनाइतकं असतं. इतर वेळी ते मांडून काढावं लागतं. आळस केला की गणित चुकलंच.

आमच्या मते हे शिकवायला मल्लखांबासारखं उदाहरण नाही. खांब उभा, त्यात वर एरंडेल चोळलेलं, म्हणजे घर्षण मुद्दाम कमी केलेलं. खेळाडूचं वजन सरळ खाली, खांबाला समांतर. खांबावर लंब दिशेने त्यातलं काहीच येत नाही. मग लंब बल येतं कुठून? मांड्यांच्या मिठीतून. खेळाडू ते स्वतः तयार करतो. समजा त्याचं वजन ५० किलो, म्हणजे ४९० न्यूटन, आणि अंग-खांब यांच्यातला गुणांक ०.३ धरला. दोन्ही मांड्या समोरासमोरून दाबतात, त्यामुळे घर्षण दोन जागी मिळतं. तर प्रत्येक बाजूने ४९० भागिले ०.६, म्हणजे सुमारे ८१७ न्यूटन दाबावं लागेल. पन्नास किलोच्या पोराला दोन्ही बाजूंनी त्र्याऐंशी किलोच्या वजनाइतका दाब! मिठी किंचित सैल झाली की तो हळूच खाली येतो, आवळली की थांबतो.

दुसरं उदाहरण घरातलं: ट्रंक ओढावी की ढकलावी? ट्रंक २० किलोची, म्हणजे वजन १९६ न्यूटन, गुणांक ०.४. जमिनीला समांतर लावलं तर ७८.४ न्यूटन लागतील. कडी धरून ३० अंश वरच्या बाजूला ओढली तर तुमच्या बलाचा काही भाग ट्रंक उचलतो, लंब बल घटतं आणि सुमारे ७३.५ न्यूटनमध्ये काम होतं. तीच ट्रंक वरून ३० अंश खाली रेटत ढकललीत तर तुमचाच जोर तिला जमिनीवर दाबतो, आणि सुमारे ११८ न्यूटन लागतात. पहिल्या पायरीत सुतळी समांतर ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

पायरी ४: दिशा ओळखा

'घर्षण गतीच्या विरुद्ध असतं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. घर्षण विरोध करतं ते एका पृष्ठभागाच्या दुसऱ्यावर घसरण्याला. फरक बारीक वाटतो, पण त्याच्यावाचून चालणंसुद्धा समजत नाही.

प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: आत्ता या क्षणी घर्षण नाहीसं झालं तर हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागावर कुठल्या बाजूला घसरेल? जे उत्तर येईल त्याच्या उलट दिशेला घर्षण.

चालताना तुम्ही पायाने जमीन मागे रेटता. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर तो पाय मागेच सटकतो. म्हणजे घर्षण पायावर पुढच्या दिशेने, आणि तुम्हाला पुढे नेणारं तेच. सायकलच्या मागच्या चाकाचं तसंच: पॅडल मारताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागे घसरू पाहतो, म्हणून मागच्या चाकावर घर्षण पुढे. पुढचं चाक मात्र नुसतं ढकललं जातं, त्यामुळे वेग वाढताना त्याच्यावर घर्षण मागच्या दिशेने. एकाच सायकलवर, एकाच वेळी, दोन दिशा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

पायरी ५: आता सूत्र, पण क्रमाने

दिशा ठरली. मग गरज: वस्तू न घसरता राहायची तर किती घर्षण लागेल? ते न्यूटनच्या नियमाने काढा, म्यूला हातही न लावता. त्यानंतर मर्यादा: स्थितिक गुणांक गुणिले लंब बल. गरज मर्यादेच्या आत असेल तर घर्षण गरजेइतकंच. बाहेर गेली तर वस्तू घसरली, आणि मग घर्षण म्हणजे गतिक गुणांक गुणिले लंब बल.

१० किलोची पेटी घ्या. स्थितिक गुणांक ०.५, गतिक ०.४. लंब बल ९८ न्यूटन, म्हणून मर्यादा ४९ न्यूटन. तुम्ही २० न्यूटनने ढकललंत. घर्षण किती? ४९ लिहिणाऱ्यांनी क्षणभर विचार करावा: पुढे २० आणि मागे ४९ असतील तर पेटी आपणहून तुमच्याकडे धावत येईल. उत्तर २० न्यूटन. आता ६० न्यूटनने ढकला. गरज ६०, मर्यादा ४९, पेटी सुटली. घर्षण ३९.२ न्यूटन, उरलेले २०.८ न्यूटन पेटीला सुमारे २.१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण देतात.

पायरी ६: काटा नसेल तर उतार

पाटावर डबा किंवा वही ठेवा आणि पाटाची एक बाजू हळूहळू उचला. वस्तू घसरू लागेल तिथे थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, हाच स्थितिक गुणांक. ५० सेंटिमीटर आडव्या अंतराला २० सेंटिमीटर उंची असेल तर ०.४. डबा भरून पुन्हा करा, कोन तोच येतो: वजन वाढल्याने घसरवणारं बल वाढतं तसंच धरून ठेवणारंही. पाटाला टिचकी मारू नका, वस्तू लवकर सुटते आणि आकडा कमी येतो.

रस्त्यावर: ब्रेक

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक लागल्यावर थांबण्याचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुणांक आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. कोरड्या रस्त्यावर टायरचा गुणांक ०.७ धरला तर सुमारे २० मीटर. ओल्या रस्त्यावर ०.४ धरला तर सुमारे ३५ मीटर. मेंदू ते पाय एक सेकंद गेला तर त्यात जवळपास १७ मीटर आणखी. पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा राडा वर येतो तेव्हा याहून वाईट. गाडीचं वस्तुमान या सूत्रात कुठेच नाही हेही बघून ठेवा; जड गाडीवर जडत्व जास्त, पण लंब बलही तेवढंच जास्त.

इथे स्थितिक आणि गतिक हा फरक जिवावर बेततो. चाक फिरत असतं तोवर टायरचा टेकलेला भाग रस्त्यावर क्षणभर स्थिर असतो, तिथे स्थितिक घर्षण काम करतं. चाक जाम झालं की टायर फरफटतो आणि गतिक घर्षण सुरू होतं: पकड कमी, आणि हँडल वळवूनही गाडी वळत नाही. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा याचसाठी असते: चाक जाम होऊ लागलं की ते ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावतं, सेकंदाला अनेकदा. भारतात १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे.

रुळांवर: कर्जतला मागून इंजिन का लावतात

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर, म्हणजे चढावर मागून रेटणारी इंजिनं जोडली जातात आणि लोणावळ्याला ती सुटतात. अलीकडे काही गाड्यांना दोन्ही टोकांना स्वतःची इंजिनं असतात, त्यांना ते लागत नाही. पण मुळात एवढ्या ताकदवान विजेच्या इंजिनाला मदत कशाला? आतापर्यंतच्या पायऱ्यांवर ते गणित सुटतं.

१८६३ मध्ये सुरू झालेल्या या बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे: ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कसारा घाटातही तोच. समजा डबे मिळून १,२०० टन आणि इंजिन १२३ टन. चढावर गाडीला मागे ओढणारं बल म्हणजे एकूण वजनाचा सदतिसावा भाग: १,३२३ भागिले ३७, म्हणजे जवळपास ३६ टनांच्या वजनाइतकं. ही झाली गरज.

मर्यादा? इंजिन गाडी ओढतं ते चाक आणि रूळ यांच्यातल्या स्थितिक घर्षणावर, आणि तिथे लंब बल फक्त इंजिनाच्या वजनाचं. डब्यांची चाकं नुसती घरंगळत येतात. कोरड्या रुळावर गुणांक ०.२५ धरला तर ३१ टन. ओल्या रुळावर ०.१५ धरला तर साडेअठरा. मोटर कितीही ताकदीची बसवा, मर्यादा ओलांडली की चाक जागच्या जागी गरगरणार. मागचे बँकर नुसती ताकद आणत नाहीत, स्वतःचं वजन आणतात, म्हणजेच आणखी लंब बल. इंजिनात रेतीच्या पेट्याही असतात. चाकं घसरू लागली की चाकापुढे रुळावर रेती सोडतात, तेवढाच गुणांक वाढतो.

त्याच चाकाची दुसरी बाजू बघा. सपाटीवर, कमी वेगात, पोलादी चाक रुळावरून घरंगळताना होणारा विरोध वजनाच्या साधारण ०.००१ ते ०.००२ पट असतो. तीच १,३२३ टनांची गाडी तिथे सुमारे १.३ ते २.६ टनांच्या वजनाइतक्या बलात चालते. याला लोटण घर्षण म्हणतात, आणि ते चाकाच्या पकडीपेक्षा वेगळं प्रकरण आहे. पकड भरपूर आणि लोटण घर्षण नाममात्र, हे दोन्ही एकाच चाकात मिळतं म्हणून रेल्वे परवडते.

सूत्र कुठे चालत नाही

रबर नियम काटेकोर पाळत नाही. भार वाढेल तसा त्याचा गुणांक थोडा घटतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात. चिकटपट्टीला तर वजन न ठेवताही पकड असते. मध्ये तेलाचा पूर्ण थर आला, किंवा वस्तू हवेतून-पाण्यातून जात असेल, तर हे गणित बाजूला ठेवायचं. तिथे वेग महत्त्वाचा ठरतो.

सरावाला दोन

१ किलोचं पुस्तक तुम्ही तळहाताने भिंतीवर दाबून धरलं आहे. भिंतीशी स्थितिक गुणांक ०.४, हाताकडचं घर्षण सोडून द्या. पडू नये म्हणून किमान किती दाब हवा, आणि १०० न्यूटनने दाबलं तर घर्षण किती? पहिलं उत्तर २४.५ न्यूटन. दुसरं ४० नव्हे, ९.८ न्यूटन. ४० आलं असेल तर पहिल्या पायरीतला पाट पुन्हा ओढा.

एसटीच्या फरशीवर ५ किलोची पिशवी, स्थितिक गुणांक ०.३. गाडी २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने सुटली. पिशवी गाडीबरोबर जाते. घर्षण १० न्यूटन, पुढच्या दिशेने, मर्यादा १४.७. पुढे ड्रायव्हरने ४ मीटर प्रति सेकंद वर्गाने ब्रेक दाबला. आता गरज २० न्यूटनची, पिशवी ड्रायव्हरच्या दिशेने सरकणार. आत आणखी ५ किलो सामान भरलं तर ती थांबेल का, हे तुम्हीच काढा. ब्रेकच्या गणितात उत्तर येऊन गेलं आहे.